पुण्यात स्टेकसाठी कोळसा की गॅस? आधी मांस बघा, मग आगीचं ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला फ्लॅट, सोसायटीने गच्ची वापरायला परवानगी दिली आहे, घरात पाच माणसं, महिन्यातून एक-दोनदा स्टेक करायचा विचार आहे. एकच ग्रिल घ्यायचं तर कोळशाचं घ्यावं की गॅसचं? मित्र म्हणतात कोळशाची चवच वेगळी, दुकानदार म्हणतो गॅस घ्या, कटकट नाही. आणि बाबांना मांस आतून जरासुद्धा गुलाबी राहिलेलं चालत नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो. झाकण असलेलं, गोल, कोळशाचं ग्रिल घ्या. मात्र मित्र ज्या कारणासाठी कोळसा घ्या म्हणतायत, ते कारण पुण्यात मिळणाऱ्या मांसाला फारसं लागू पडत नाही. हे नीट समजून न घेता कोळसा आणलात, तर दोन तास धुरात उभं राहून शेवटी 'तव्यावर यापेक्षा बरं झालं असतं' असं वाटेल. मी व्यवसायाने ग्रिलवर काम करतो. हॉटेलात गॅसवर, बाहेरच्या ऑर्डरींना कोळशावर. दोन्ही आगी रोजच्या हाताखालच्या आहेत, त्यामुळे कुठल्याच बाजूचा झेंडा घेऊन बोलत नाही.

मांसापासून सुरुवात करू. गायीची कत्तल महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यानेच बंद होती, २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. म्हणजे आपल्याकडे स्टेक म्हटलं की ते म्हशीच्या जातीचं मांस. कॅम्पातल्या दुकानांत त्याला बफ म्हणतात किंवा नुसतं 'बड्याचं'. चांगलं, कमी वयाच्या जनावराचं असेल तर ते उत्तम मांस आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण ते अतिशय सडसडीत असतं. स्नायूंच्या आत जी चरबीची पांढरी जाळी असते, ती त्यात एक-दोन टक्के निघाली तरी खूप. परदेशी व्हिडिओंत जो अमेरिकन 'प्राइम' दर्जाचा स्टेक दिसतो, त्यात ही चरबी साधारण आठ टक्क्यांपासून पुढे असते. त्या व्हिडिओंतले सगळे सल्ले त्या मांसाला धरून दिलेले असतात आणि आपण ते जसेच्या तसे आपल्या अंडरकटला, म्हणजे पाठीच्या कण्याखालच्या मऊ लोळ्याला, लावतो. गडबड तिथेच होते.

कारण 'कोळशाची चव' बहुतांशी कोळशाची नसतेच. लाकडाचा कोळसा होतानाच त्यातलं पाणी, डांबरी द्रव्यं, वास असलेले वायू निघून जातात, मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. चांगला कोळसा पूर्ण पेटून वर करडी राख धरली की त्याला स्वतःचा धूर जवळजवळ राहत नाही. ग्रिलवरच्या मांसाला जो खमंग वास येतो, त्याचा मोठा भाग मांसातून गळणाऱ्या चरबीचा आणि रसाचा असतो. थेंब निखाऱ्यावर पडतो, जागच्या जागी जळतो, त्याचा धूर वर जाऊन मांसावर बसतो. गॅसच्या बऱ्या ग्रिलमध्येही बर्नरवर पत्र्याच्या उतरत्या पट्ट्या असतात. त्या पुरेशा तापलेल्या असतील तर थेंब त्यांच्यावर पडूनही तसाच धूर होतो.

आता अंडरकटचा विचार करा. त्यात चरबीच नाही, तर गळणार काय? राख धरलेल्या स्वच्छ निखाऱ्यांवर केलेलं अंडरकट आणि गॅसवर तेवढ्याच कडक आचेवर केलेलं अंडरकट डोळे बांधून खायला दिलं, तर माझ्या अनुभवात बहुतेकांना फरक सांगता येत नाही. मटण चॉपचं तसं नाही. बोकडाच्या चॉपला कडेने चरबी असते, ती गळते, म्हणून त्याचा वास खालच्या मजल्यापर्यंत जातो. बफमध्ये ही चव बाहेरून आणावी लागते, आणि ती आणणं अवघड नाही.

खाटकाकडून मांस घेताना गुर्द्याभोवतीची चरबी मागून घ्या, मूठभर पुरे. म्हशीची चरबी पांढरीशुभ्र आणि कडक असते, थंड असताना ती सुरीने सहज कापली जाते. तिच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या करून फ्रीजमध्ये ठेवा. स्टेक कडक आचेवर टाकायची वेळ आली की दोन-तीन पट्ट्या जाळीवर त्याच्या शेजारी, निखाऱ्यांच्या बरोबर वर ठेवायच्या. अर्ध्या मिनिटात पट्टीच्या कडा पारदर्शक होतात, मग चरचर सुरू होते, खाली थेंब पडतात आणि निळसर पांढरा धूर वर येतो. तो धूर मांसाला लागू द्या. त्याच चरबीची एखादी पट्टी चिमट्यात धरून स्टेकच्या पृष्ठभागावर फिरवली की साल, म्हणजे बाहेरचा खरपूस थर, तीही एकसारखी धरते. खाली भडका उडाला तर मात्र मांस लगेच बाजूला सरकवा. चरबीच्या पिवळ्या ज्वाळेत काजळी असते, ती मांसावर बसून कडवट लागते, आणि असं काजळलेलं मांस तब्येतीलाही चांगलं नाही. धूर हवा, ज्वाळा नको. चरबी मिळाली नाही तर साजूक तूप ब्रशने लावा, तेही थेंबभर गळतं आणि छान वास देतं. ताटल्या मात्र गरम करून ठेवा. म्हशीची चरबी लवकर गोठते आणि थंड झाली की टाळूला चिकटते.

मग चवीचा फरक एवढा कमी असेल तर कोळसा का घ्यायचा? उष्णतेसाठी.

सडसडीत मांसाला मध्यम आच मारक ठरते. बाहेरची साल खरपूस व्हायला जितका वेळ लागेल, तितका वेळ आतलं मांस शिजत राहतं, आणि ज्यात चरबी नाही ते मांस जरा जास्त शिजलं की कोरडं आणि चिवट होतं. त्यामुळे शेवटची भाजणी कमीत कमी वेळात आणि कडकडीत आचेवर झाली पाहिजे. इथे कोळसा आणि साधा गॅस यांच्यात मोठा फरक पडतो. लाल निखाऱ्याचा पृष्ठभाग ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास सहज असतो आणि त्याची उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे सरळ झळ म्हणून मांसावर येते. गॅसच्या निळ्या ज्योतीची झळ फारशी लागत नाही. ती आधी हवा आणि त्या पत्र्याच्या पट्ट्या तापवते, मग तापलेल्या पट्ट्या मांसाला तापवतात. समजा पट्ट्या ३५० अंशांपर्यंत गेल्या. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे शून्याखाली २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताने वाढतं, म्हणून ७०० अंशांचा निखारा ३५० अंशांच्या पट्टीच्या दुप्पट नव्हे, तर तेवढ्याच क्षेत्रफळातून जवळजवळ सहापट झळ देतो. हुरडा गोवऱ्यांच्या आरातच भाजतात, जाळावर धरत नाहीत, ते याच झळेसाठी.

गॅसची आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एलपीजी जळताना पाणी तयार होतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. तीन बर्नरचं ग्रिल पूर्ण आचेवर तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस खातं, म्हणजे सव्वा लिटरच्या घरात पाण्याची वाफ. उघड्या ग्रिलवर ती उडून जाते, पण झाकण लावलं की आतली हवा ओलसर होते आणि मांसाचा पृष्ठभाग वाळायला जास्त वेळ लागतो. ओलं मांस तांबूस होत नाही, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर सरकत नाही. साल खरपूस होणं, तो रंग आणि तो वास, ही फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली वर्णन केलेली अभिक्रिया आहे आणि ती जोरात चालायला साधारण १४० अंश लागतात. कोळशाची हवा त्या मानाने कोरडी असते.

म्हणून पुण्याच्या मांसासाठी माझा कौल कोळशाला आहे. धुरासाठी नाही, झळेसाठी.

आता ग्रिल कसलं घ्यायचं. झाकणाबद्दल मी आग्रही आहे. शिकागोजवळ पत्र्याचे तरंगते बोये बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली असाच एक गोल बोया अर्धा कापून त्याचं ग्रिल केलं आणि वर झाकण दिलं. घुमटाच्या आकाराचं जे ग्रिल आज सगळीकडे दिसतं, ते तिथून आलं. झाकण आणि खालीवरच्या झडपा असल्या की आग तुमच्या हातात येते. झडपा उघडल्या की कोळसा भडकतो, मिटल्या की मंदावतो. पाच माणसांसाठी ५७ सेंटीमीटर व्यासाचं घ्या. त्यात निखारे अर्ध्या भागात रचून उरलेला अर्धा भाग मोकळा ठेवता येतो, आणि स्टेकसाठी ते अत्यावश्यक आहे. लहान, उघड्या, चौकोनी ट्रेच्या ग्रिलवर कबाब होतील, जाड स्टेक होणार नाही.

फॅब्रिकेटरकडून अर्ध्या ड्रमचं करून घेणार असाल तरी चालेल, पैसे वाचतात. पण जाळी गॅल्व्हनाइज्ड नको. जस्ताचा मुलामा कडक आचेत जळून त्याचा विषारी धूर होतो. साध्या लोखंडी सळ्या किंवा स्टेनलेसची जाळी सांगा. आधी रसायन भरलेला ड्रम घेऊ नका, आणि कुठलाही ड्रम घेतला तरी पहिल्यांदा रिकामाच तासभर कडक पेटवून आतला रंग आणि तेल जाळून टाका. लांब दांड्याचा चिमटा आणि जाड हातमोजे बोहरी आळीत मिळतात. तेवढा एक फेरा माराच, स्वयंपाकघरातला वीतभर चिमटा इथे उपयोगाचा नाही.

कोळसा वखारीतून घ्या. इस्त्रीवाले आणि तंदूरवाले जिथून घेतात तिथून. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा कोळसा उत्तम. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे. तुकडा मोडून बघा, आतून काळा आणि चकचकीत हवा. आत तपकिरी गाभा दिसला तर तो कच्चा आहे, त्याचा धूर डोळ्यांना झोंबेल आणि मांसाला कडवट वास येईल. पोत्याच्या तळाला राहिलेला चुरा स्टेकला वापरू नका, तो हवा अडवतो आणि आग घुसमटते. नारळाच्या करवंटीच्या दाबलेल्या वड्याही मिळतात. त्या संथ आणि बराच वेळ जळतात, पहिल्या मंद टप्प्याला चांगल्या, शेवटच्या कडक आचेला लाकडी कोळसाच. दगडी कोळसा अन्नाखाली कधीही नाही, त्यात गंधक असतं. पावसाळ्यात कोळसा हवेतली ओल धरतो आणि पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो, तेव्हा जून ते सप्टेंबर तो घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा आणि गच्चीवर उघड्यावर तर अजिबात नको.

पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल नको, वास मांसात उतरतो आणि धोका वेगळाच. चिमणी, म्हणजे कोळसा पेटवायचं पत्र्याचं नळकांडं, मिळते ती घ्या, नाहीतर तेलाच्या १५ किलोच्या जुन्या डब्याला तळाशी आणि बाजूने भोकं पाडून, आत चार बोटं वर एक जाळी बसवून घरीही होते. वर कोळसा, खाली दोन वर्तमानपत्रांचे बोळे, बोळ्यांवर थोडं गोडं तेल. पाच माणसांसाठी दोन किलो कोळसा भरपूर झाला. पहिली दहा मिनिटं पांढरा दाट धूर येतो, तोवर हात लावू नका. मग धूर विरळ होतो, चिमणीच्या वरच्या थरातल्या तुकड्यांच्या कडा करड्या दिसायला लागतात आणि मधून लाल झळकतं. वीस-पंचवीस मिनिटांत वरचा थर राखेने झाकला की निखारे ग्रिलच्या एका बाजूला ओता. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरून बघा. दोन सेकंदांत हात काढावा लागला तर स्टेकची आच आहे, चार-पाच सेकंद धरवला तर ती कोंबडीची झाली.

मांस घेताना शक्यतो अंडरकटचा जाड मधला भाग घ्या, नाहीतर ज्याला क्यूबरोल म्हणतात तो बरगडीजवळचा गोल लोळा. अंडरकट लुसलुशीत पण चवीला सौम्य, क्यूबरोलला चव जास्त आणि थोडी चरबीही. मला स्वतःला क्यूबरोल आवडतो. अंडरकटवर एक चंदेरी, चिवट पापुद्रा असतो, तो ठेवला तर शिजताना आकसून तुकडा वाकडा करतो. सुरीचं टोक त्याच्याखाली सरकवून, धार थोडी वरच्या बाजूला ठेवून एका लयीत सोलून काढा, म्हणजे त्याच्याबरोबर मांस वाया जात नाही. तुकडे साडेतीन-चार सेंटीमीटर जाडीचे करा. आपल्याकडे खाटीक सवयीने बोटभर जाडीचे करून देतात. तसे पातळ तुकडे साल धरेपर्यंत आतून पूर्ण शिजलेले असतात, मग कोळसा काय आणि गॅस काय. म्हणून अख्खा लोळा आणा आणि घरी कापा.

सकाळी कापलेलं मांस संध्याकाळी ग्रिलवर टाकू नका. कत्तलीनंतर स्नायू आखडतात आणि ते सैल व्हायला दिवस लागतात. फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, जाळीवर ठेवून, तीन-चार दिवस राहू द्या. मऊपणात यामुळे जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही मसाल्याने पडत नाही. कच्ची पपई लावायची पद्धत आहे, पण अंडरकटला ती लावूच नका, वरचा थर पिठासारखा होतो आणि साल धरत नाही. आदल्या रात्री फक्त मीठ लावा, किलोला दहा-बारा ग्रॅम, आणि उघडंच फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आत उतरतं आणि पृष्ठभाग वाळतो. वेळ नसेल तर ग्रिलवर टाकायच्या क्षणी मीठ लावा. दहा-पंधरा मिनिटं आधी लावलं तर पाणी सुटून वर येतं आणि सगळ्यात वाईट अवस्थेत मांस आगीवर जातं. आलं-लसणाचं वाटण, दही, गरम मसाला यातलं काही नको. ओलं वाटण साल होऊ देत नाही आणि लसूण जळून कडू होतो. झणझणीतपणा हवा असेल तर हिरव्या मिरचीचा ठेचा तुपात परतून शेवटी वर घाला, फार सुरेख लागतो. मिरपूडही भाजून झाल्यावरच.

आता भाजणं. आधी मंद, मग कडक. स्टेक निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला ठेवा, झाकण लावा, खालची झडप अर्धी मिटा. आत १२० अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. धुराचा वास हवा असेल तर तो देण्याची वेळ हीच. आंब्याच्या पूर्ण वाळलेल्या लाकडाचा अंगठ्याएवढा एक तुकडा निखाऱ्यावर टाका. थंड आणि किंचित ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला बसतो, पुढे मांस तापून कोरडं झालं की तेवढा बसत नाही. म्हणूनच भडक आचेवर तीन मिनिटांत केलेल्या स्टेकला लाकडाचा वास लागत नाही, कितीही लाकूड टाकलं तरी. अर्ध्या तासाच्या आसपास मांसाचा गाभा ४५ अंशांवर येतो. हे अंदाजाने करू नका, सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. माझं मत विचाराल तर ग्रिल स्वस्तातलं घ्या, पण थर्मामीटर बरा घ्या.

मग स्टेक काढून बाजूला ठेवा, झडपा पूर्ण उघडा, चार-पाच मिनिटांत निखारे पुन्हा लाल होतात. त्या चरबीच्या पट्ट्या जाळीवर टाका आणि स्टेक थेट निखाऱ्यांवर घ्या, झाकण उघडं. दर अर्ध्या मिनिटाने उलटत राहा. एकदाच उलटायचा, नाहीतर 'रस निघून जातो' ही समजूत सोडून द्या. साल धरली की रस आत कोंडला जातो, हे १९व्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी मांडलं होतं आणि ते चूक ठरलेलं आहे. वारंवार उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या भाजतात आणि आत करडा थर पातळ राहतो. जाळीच्या काळ्या रेघोट्यांच्याही मागे लागू नका. रेघांच्या मधला फिकट भाग म्हणजे न भाजलेला भाग, पूर्ण पृष्ठभाग तांबूस झाला पाहिजे. गाभा ५२ अंशांवर आला की उतरवा, पाच मिनिटं ठेवल्यावर तो ५५च्या आसपास जाऊन थांबतो. बफसाठी मी तिथेच थांबतो. ६० ओलांडलं की ते झपाट्याने कोरडं होतं. गरोदर बाई, लहान मुलं आणि वयस्कर मंडळींना मात्र पूर्ण शिजलेलंच द्या. डुकराचं मांस आपल्याकडे कुणालाच गुलाबी देऊ नका.

गॅस कुणी घ्यावा? सोसायटी धूर चालवून घेत नसेल, किंवा आठवड्यातून तीनदा ग्रिल पेटणार असेल आणि त्यात कोंबडी, पनीर, भाज्या, सुरमई जास्त असेल, तर गॅसच सोयीचा. सुरमईच्या तुकडीला तर मी गॅसच पसंत करतो, मध्यम आणि एकसारखी आच तिला मानवते. गॅसवर स्टेक करायचाच असेल तर झाकण लावून पंधरा मिनिटं पूर्ण आचेवर ग्रिल तापू द्या, मंद टप्पा तिथे करा, आणि शेवटची भाजणी जाळीवर करूच नका. बिडाचा जाड तवा त्याच ग्रिलवर सुरुवातीपासून तापत ठेवा आणि त्यावर चरबी फिरवून स्टेक टाका. तवा मांसाला सगळीकडून टेकतो, त्यामुळे साल कोळशाच्या तोडीस तोड येते. तुळशीबागेतून तवा घेताना तो हातात जड लागला पाहिजे, पातळ पत्र्याचा नको. काही महाग ग्रिलना शेजारी सिरॅमिकचा इन्फ्रारेड बर्नर असतो, तो लालबुंद होतो आणि निखाऱ्यासारखी झळ देतो. तसा असेल तर तव्याची गरज नाही. बिनझाकणाचं दोन बर्नरचं स्वस्त ग्रिल मात्र घेऊ नका, त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या शेगडीवरचा बिडाचा तवा सरस आहे.

गॅसच्या बाबतीत पुण्याच्या दोन अडचणी. गच्चीवर संध्याकाळी वारा असतो, तो ज्योत एका बाजूला लोटतो आणि अर्धं ग्रिल थंड राहतं, म्हणून ग्रिल आडोशाला ठेवा, वारा त्याच्या पाठीवर येणार नाही असं. आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ५ किलोचा छोटा सिलिंडर मोठ्या ग्रिलला पुरा पडत नाही. आतला द्रव गॅस वेगाने वाफ होताना सिलिंडर गार पडतो, बाहेरून घाम धरतो, दाब उतरतो आणि ऐन भाजणीच्या वेळी ज्योत बसते. १४.२ किलोच्या सिलिंडरला हा त्रास कमी होतो. घरात पाइपचा गॅस असला तरी एलपीजीचं ग्रिल त्याला जोडू नका, दोन्हींचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, वेगळे असतात. आयात केलेल्या ग्रिलवर कुठला रेग्युलेटर लिहिलाय ते आधी वाचा, आणि प्रत्येक वेळी जोडावर साबणाचं पाणी लावून गळती बघा.

कोळसा पेटवायचा तो उघड्या गच्चीवरच. काचा लावलेल्या बाल्कनीत नको, खिडकी उघडी असली तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीत विझत आलेलं ग्रिल ऊब म्हणून घरात आणून माणसं दगावतात. भाजणं संपलं की झाकण लावून दोन्ही झडपा पूर्ण मिटा, हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राख मात्र दुसऱ्या दिवशीच काढा आणि पत्र्याच्या डब्यात काढा.

राहिले बाबा. त्यांच्यासाठी तोच जाड स्टेक जास्त वेळ भाजत ठेवू नका, चामडं होईल आणि त्यांना वाटेल स्टेक असाच असतो. अंडरकटच्या निमुळत्या शेपटाकडचा भाग त्यांच्यासाठी वेगळा काढा, मांसाच्या धाग्यांना आडवं कापून एक सेंटीमीटरचे तुकडे करा, मीठ आणि थोडं तेल लावा. तुमचे स्टेक उतरवून ठेवले की त्या पाच मिनिटांत हे तुकडे कडक निखाऱ्यांवर टाका, बाजूला चरबीची एक पट्टी ठेवा, दोन्ही बाजूंनी मिळून तीन-साडेतीन मिनिटं. आतून गुलाबी राहत नाही, पण पातळ कापल्यामुळे आणि धागा आडवा तुटल्यामुळे चावायला मऊ लागतं. उतरवल्या उतरवल्या वर चमचाभर तूप आणि ठेचा घाला, आणि त्यांचं ताट सगळ्यात आधी वाढा. पातळ तुकडे दोन मिनिटांत गार होतात, तुमच्या जाड स्टेकना अजून थांबायचंच असतं.